कल म्हणजे निकाल नव्हे

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढी विनंती.)

तुळशीचं लग्न लागलं की आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराच्या फोनवर बातम्यांपेक्षा चौकश्या जास्त येतात. मुलगा कसा आहे, घरचे कसे आहेत, सोसायटीचं कर्ज किती आहे, पितो-बितो का. पत्रकाराला सगळं माहीत असतं असा लोकांचा समज! गेल्या काही वर्षांत या चौकश्यांत एक नवीन प्रश्न आलाय. तो थेट कुणी विचारत नाही. आधी दोन मिनिटं पाऊसपाण्यावर बोलणं होतं, मग आवाज खाली येतो आणि विचारलं जातं, "भाऊ, पोरगा तसला तर नाही ना?"

यंदाच्या वर्षातले तीन अनुभव सांगतो. गाव, वय, नाती सगळं बदललंय. ओळखायचा प्रयत्न करू नका.

पहिला एका मामांचा फोन. भाचा एकोणतीस वर्षांचा, पुण्यात चांगली नोकरी. सहा स्थळं नाकारली. शेवटी आईजवळ रडला आणि म्हणाला, मला मुलींशी लग्न करता येणार नाही. मामांचं म्हणणं असं : "कॉलेजात असताना याचं एका मुलीशी जमलं होतं, आम्हाला माहीत आहे. म्हणजे हा पूर्ण तसला नाही. एकदा लग्न लावून दिलं की येईल लाईनवर. तुमचं ऐकतो तो, जरा समजवा."

दुसऱ्या एक ताई. वकिलाचा नंबर मागायला बहिणीला घेऊन आल्या होत्या. लग्नाला सात वर्षं, एक मूल. नवरा मारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो. "पण भाऊ, मी त्या घरात कपाटासारखी आहे. त्यांना आधीपासून माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं. मग मला कशाला आणलं?"

तिसरा बावीस वर्षांचा पोरगा. रात्री साडेअकराला मेसेज. "दादा, मला एक मुलगी आवडते. खरंच आवडते. पण एक मित्रही आवडायचा, अजून आवडतो. मग मी गे आहे का? एका मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, आधी एक काहीतरी ठरव."

तिघांचं दुखणं वेगळं. पण मुळाशी समजूत एकच. माणसांचे दोनच खण असतात, इकडचा आणि तिकडचा. इकडच्या खणात अगदी थोडं काही दिसलं तरी माणूस इकडे ओढून आणता येतो, आणि तिकडच्या खणात थोडं काही दिसलं की तो कायमचा तिकडचा. मामांनी हिशेब मांडला तो याच समजुतीवर. त्या ताईंच्या सासूबाईंनीही सात वर्षांपूर्वी बहुतेक हाच हिशेब मांडला असेल. आणि त्या पोराला झोप लागत नाही तीही याचमुळे.

मराठीत या गोष्टीसाठी जो शब्द रूढ झालाय तो आहे 'लैंगिक कल'. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याला माझा नमस्कार. कल म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मतमोजणीच्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीचा कल येतो, त्याला आपण निकाल म्हणत नाही. रानाला कल असतो. रान बघायला गेलेला शेतकरी 'कल आहे की नाही' एवढंच विचारून थांबत नाही. कुठल्या अंगाला आहे, किती आहे, मधे सपाट पट्टा आहे का, हे सगळं बघतो. एक रान एका अंगाला चांगलंच उतरलेलं असतं, दुसरं जेमतेम, तिसरं दोन्ही अंगांना. माणसाच्या आकर्षणाचंही तसंच आहे. बहुतेकांचा कल भिन्नलिंगी असतो, काहींचा समलिंगी असतो, काहींचा कमीजास्त प्रमाणात दोन्हीकडे असतो आणि काहींना लैंगिक आकर्षण फारसं किंवा मुळीच वाटत नाही.

हे आजकालचं फॅड आहे, मोबाईलमुळे आलं, असं सांगणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आल्फ्रेड किन्से नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. ओकच्या झाडावर गाठी करणारे गांधीलमाशीच्या कुळातले चिमुकले कीटक, हा त्यांचा विषय. लाखो नमुने त्यांनी गोळा केले, मोजले. १९३८ साली विद्यापीठात विवाहविषयक अभ्यासक्रम शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं द्यायला माहितीच उपलब्ध नाही. मग कीटक मोजणाऱ्या या माणसाने माणसांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. पुरुषांवरचा ग्रंथ १९४८ साली आला, स्त्रियांवरचा १९५३ साली.

त्या पहिल्या ग्रंथात किन्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्य ते सहा अशी एक पट्टी मांडली. शून्य म्हणजे पूर्णपणे भिन्नलिंगी, सहा म्हणजे पूर्णपणे समलिंगी, तीन म्हणजे दोन्हीकडे सारखंच. अधल्यामधल्या आकड्यांवर बाकीचे. अंक देताना प्रत्यक्ष अनुभव बघितले तशी मनातली ओढही बघितली. ज्यांना दोन्हीकडे काहीच वाटत नाही त्यांच्यासाठी 'एक्स' हे वेगळं अक्षर ठेवलं. मधल्या आकड्यांवर बरीच माणसं निघाली आणि अमेरिकेत गदारोळ झाला. किन्सेंच्या कामावर संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले. मुलाखती देणारे बरेचसे स्वतःहून पुढे आलेले होते, त्यांत कैदीही होते, सगळ्या समाजाचा तो नमुना म्हणता येत नाही. आक्षेप रास्त होते. म्हणून किन्सेंच्या टक्केवाऱ्या आज कुणी डोळे मिटून वापरू नयेत. पण 'दोन खण नाहीत, मधे बरीच जागा आहे' हे त्यांचं मूळ म्हणणं नंतरच्या अभ्यासकांनी पुढेच नेलं.

पुढे नेलं म्हणजे काय? तर एक पट्टीसुद्धा अपुरी आहे, असं त्यांनी दाखवलं. फ्रिट्झ क्लाईन नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी सात वेगवेगळ्या गोष्टी मोजायला घेतल्या. आकर्षण कुणाचं वाटतं, प्रत्यक्ष संबंध कुणाशी आले, कल्पनेत कोण येतं, भावनिक जवळीक कुणाशी, उठबस कुणात, राहणी कुठल्या लोकांतली आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो. आणि या सातही गोष्टी पूर्वी कशा होत्या, आज कशा आहेत आणि त्या माणसाला कशा हव्यात, असं तीनदा विचारायचं. एकाच माणसाची सगळी उत्तरं एका सुरात येतीलच असं नाही. १९८० साली मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक मुद्दा मांडला. स्त्रीबद्दलचं आकर्षण आणि पुरुषाबद्दलचं आकर्षण हे तराजूचे दोन पारडे नव्हेत, की एक खाली गेलं म्हणून दुसरं वर जाईल. त्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एखाद्यात दोन्ही भरपूर असतील, एखाद्यात दोन्ही कमी.

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात जनुकांवरचा मोठा अभ्यास आला. सुमारे पावणेपाच लाख लोकांची माहिती, प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेतली. निष्कर्ष असा की समलिंगी संबंधांचं 'एकच जनुक' असं काही नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे, बाकीच्याही गोष्टी आहेत, आणि रक्त तपासून कुणाचा कल सांगता येणार नाही. सगळं एका सरळ रेषेवर मोजता येत नाही, हेही त्या संशोधकांनी नमूद केलं. तेव्हा लग्नाआधी 'टेस्ट' करून घेता येते का असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर एकच : अशी टेस्ट नाही. माणसाला विचारणं आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवणं, एवढाच मार्ग आहे.

आता कुणी म्हणेल, किन्से-बिन्से सगळे तिकडचे. आपल्याकडे कुठे होतं हे?

वात्स्यायनाच्या कामसूत्रात 'तृतीया प्रकृती' हा शब्द आहे. पण इतकं मागे जायलाच नको. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली वारले तोपर्यंत पदरमोड करून चालवलं. वाचक पत्रं पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी वाचकाला काय विचारायचं होतं? आज रात्री साडेअकराला मला येतात तेच प्रश्न. हस्तमैथुनाने नुकसान होतं का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का. या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, लोकांच्या मनातल्या प्रश्नांना ज्ञानानेच उत्तर द्यावं लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॅवलॉक एलिससारख्या त्या काळच्या संशोधकांचा दाखला त्यांनी दिला. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण तेव्हा देशभरात आंबेडकरांच्या शब्दाला वजन आलेलं होतं, हाताशी कामांचा डोंगर होता, आणि तरीही असा बदनाम खटला त्यांनी घेतला. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना हा खटलाही आठवावा असं मला वाटतं. विजय तेंडुलकरांनी तर १९८१ साली 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आणलं. नाटकाची नायिका मित्रा, तिला स्त्रीबद्दल आकर्षण. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता सांगा.

इथवर वाचलेल्यांपैकी मामांसारखे कुणी असतील तर ते आता म्हणतील, "बघा, तुम्हीच म्हणता दोन खण नाहीत. मग आमच्या पोराला जरा इकडे सरकवायला काय हरकत आहे?"

ही पोस्ट लिहिली ती याच प्रश्नासाठी. कल कमीजास्त असतो याचा अर्थ तो दुसऱ्याने ढकलून बदलता येतो असा होत नाही. माणसांची उंची साडेचार फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत कितीही असते, म्हणून कुणाला ओढून दोन इंच वाढवता येत नाही. काहींचं आकर्षण आयुष्यात आपोआप थोडंफार बदलतं, हे खरं आहे. अनेकांचं आयुष्यभर तिळभरही बदलत नाही, हेही तितकंच खरं आहे. पण नवस, अंगारा, गोळ्या, शॉक, 'समुपदेशन' नावाखाली दमदाटी किंवा लग्न, यांतल्या कशानेही तो बदलल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नुकसानीचा पुरावा मात्र भरपूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे 'बरं करून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्या डॉक्टरची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे करता येते. आपल्या भागात अशा जाहिराती भिंतींवर आजही दिसतात. त्यांतले बरेचसे मुळात डॉक्टरच नसतात, ती गोष्ट वेगळी.

या आयोगाच्या निर्णयामागे मद्रास उच्च न्यायालयातलं एक प्रकरण आहे. दोन तरुणी घर सोडून एकत्र राहत होत्या, घरच्यांनी पोलिसांत तक्रारी दिल्या, मुलींनी संरक्षण मागितलं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर प्रकरण आलं. निकाल देण्याआधी त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. हा विषय आपल्याला नीट समजलेला नाही हे त्यांनी उघड सांगितलं, मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून तो समजून घेतला आणि मग जून २०२१ मध्ये आदेश दिला. पोलिसांनी अशा जोडप्यांना त्रास देऊ नये, 'बदलण्याचे' उपचार बंद व्हावेत, शाळा-कॉलेजांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांचं प्रबोधन व्हावं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसू शकतो, तर आपल्याला काय अडचण आहे?

आता पुन्हा लग्नाकडे येऊ, कारण आपल्याकडे सगळे रस्ते तिथेच जातात.

समजा मामांचा भाचा खरोखरच मधल्या कुठल्यातरी आकड्यावर आहे. कॉलेजातलं ते प्रेमही खरं होतं आणि आज तो जे सांगतोय तेही खरं आहे. तरीही लग्न करायचं की नाही आणि कुणाशी, हे ठरवणार तो. त्याच्या कॉलेजातल्या प्रेमाचा दाखला काढून त्याला बोहल्यावर चढवता येत नाही. आणि समजा तो मधे नाहीच, ते प्रेम म्हणजे चारचौघांसारखं वागून बघण्याचा प्रयत्न होता. मग तर विषयच मिटला. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं. मामांना मी तेच सांगितलं. मामा काही खूश झाले नाहीत.

आणि या सगळ्यात ज्या मुलीचा बायोडेटा तुम्ही मागवलाय तिचं काय? ती कुठल्याच चर्चेत नसते. मुलाच्या घरचे म्हणतात 'आमच्या पोराचं आयुष्य मार्गी लागेल'. तिला आधी कुणी काही सांगत नाही. नंतर ती विचारायला लागली की 'तुझ्यातच काहीतरी कमी असेल' हे ऐकवलं जातं. मूल होत नसेल तर डॉक्टरच्या चकरा तिच्याच. आणि शेवटी वेगळी झाली तर 'घर मोडणारी' तीच. त्या ताईंना नवऱ्याचा राग होता, पण जास्त राग होता तो माहीत असून गप्प बसलेल्यांचा. मला तो रास्त वाटला. नवराही एका अर्थाने अडकलेलाच होता. पण त्याचं ओझं तिच्या डोक्यावर द्यायचा अधिकार कुणालाच नव्हता. माहीत असून लपवणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही मायेने केलेली असो.

मुलींचा कल वेगळा असेल तर गोष्ट आणखी अवघड. मुलगा निदान 'करिअर करतोय' म्हणून पाच-सात वर्षं ढकलू शकतो. मुलीला ती मुभा नाही. मैत्रिणीच्या फोनमधले मेसेज सापडले की फोन काढून घ्यायचा, कॉलेज बंद, आणि महिन्याभरात मिळेल ते स्थळ. पुढे सगळं गप्प. तालुक्याच्या ठिकाणी हा विषय आला की आपण सगळे मुलांबद्दलच बोलतो, कारण मुलींचा आवाज आपल्यापर्यंत येण्याआधीच त्यांचं लग्न झालेलं असतं.

आता त्या बावीस वर्षांच्या पोराचं. दोन्हीकडे कल असणाऱ्यांना इंग्रजीत बायसेक्शुअल म्हणतात, मराठीत उभयलिंगी आकर्षण म्हणतात. यांची गंमत अशी की त्यांच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. घरचे म्हणतात, मुलगी आवडते ना, मग झालं. काही समलिंगी मित्रही म्हणतात, तू घाबरतोयस म्हणून अर्धं सांगतोयस. पण तो अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा नाही. तो पूर्ण तोच आहे. दोघांची ओढ वाटते म्हणजे तो दोघांना फसवणार, हाही एक मोठा गैरसमज. फसवणारा माणूस कुठल्याही आकड्यावर सापडतो. शून्यावर तर आपल्या तालुक्यातच किती आहेत, मला नावं घ्यायला लावू नका! एकाशी बांधिलकी मानली तर ती पाळायची की नाही हा प्रश्न सचोटीचा आहे, कलाचा नाही. मी त्याला एवढंच लिहिलं की 'एक काहीतरी ठरव' याची घाई तुला नाही, तुझ्या मित्राला आहे. तू निवांत राहा. कुणाला सांगायचं असेल तर अशा माणसाला सांग जो उद्या भांडण झालं तरी तुझं गुपित बाहेर काढणार नाही.

ही शेवटची सूचना उगाच दिली नाही. अॅपवर ओळख काढायची, गावाबाहेर बोलवायचं, मारहाण करून पैसे आणि मोबाईल काढून घ्यायचे आणि 'घरी सांगतो' म्हणून महिनोन्‌महिने लुटत राहायचं, असे प्रकार देशभर उघडकीस आलेत. लहान गावात हे जास्त चालतं, कारण लुटलेला माणूस तक्रारच देत नाही. चोरापेक्षा तो आपल्याला घाबरतो. तुम्हाला, मला, शेजाऱ्यांना. म्हणजे या टोळ्यांचं भांडवल आपण पुरवतो. आपली कुजबुज, आपलं हसणं, हेच ते भांडवल. ज्या दिवशी 'घरी सांगतो' या धमकीला 'सांग, घरी माहीत आहे' असं उत्तर मिळेल त्या दिवशी हा धंदा बसेल. (आणि तक्रार जरूर द्या. खंडणी मागणं आणि लुबाडणं हा गुन्हा आहे, तुमचा कल काहीही असो.)

कायद्याचं थोडक्यात. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत कलम ३७७ घातलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली त्यातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते परत आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ते संबंध गुन्ह्यातून कायमचे बाहेर काढले. या माणसांना आणि त्यांच्या कुटुंबांना जे सोसावं लागलं त्याबद्दल इतिहासाने माफी मागायला हवी, असं न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं. न्या. नरिमन यांनी तर केंद्र सरकारला सांगितलं की या निकालाची रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रांतून वेळोवेळी प्रसिद्धी करा, पोलीस आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्या. मी रोज सरकारी जाहिराती बघतो. शौचालय, पीकविमा, मतदार यादी सगळ्यांच्या येतात. याची एकही माझ्या बघण्यात नाही. म्हणून हे काम आपलं आपणच करायचं.

समलिंगी विवाहाला मात्र आपल्याकडे कायदेशीर मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो विषय संसदेवर सोडला. म्हणजे आज परिस्थिती अशी की एकत्र राहणं गुन्हा नाही, पण त्या दोघांचं नातं कागदावर लावायला विवाहाचा कायदा नाही. यावर मतभेद असू शकतात, चर्चा जरूर करू.

एक गल्लत नेहमी होते तीही काढून टाकू. तृतीयपंथी असणं आणि समलिंगी कल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतःला पुरुष समजतो, स्त्री समजतो की आणखी काही, ही झाली लिंगओळख. मला आकर्षण कुणाचं वाटतं, हा झाला कल. तृतीयपंथीयांच्या ओळखीला सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्यता दिली, तो वेगळा निकाल. पोरगा नाजूक बोलतो म्हणून तो 'तसला', आणि पैलवान आहे म्हणून नाही, हे अनुमान दोन्ही बाजूंनी फसतं. चालण्याबोलण्यावरून कल कळत नाही. लहान मुलांची गोष्ट यात कुणी आणली तर त्यालाही उत्तर स्पष्ट आहे. मुलांवरचा अत्याचार हा गुन्हा आहे, तो 'कलाचा' कुठलाही आकडा नव्हे. इथे बोलणं चाललंय ते सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्याचं.

आता आईबापांसाठी दोन शब्द. पोराने किंवा पोरीने असं काही सांगितलं तर पहिल्या दिवशी शहाणपणाचं काही बोललं गेलं नाही तरी चालेल. 'जेवलास का' एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. कुणाचा दोष शोधू नका. आईच्या लाडाने होत नाही, बापाच्या धाकाने होत नाही, हॉस्टेलने होत नाही. 'नक्की का?' असं एकदा विचारा, रोज विचारू नका. लगेच गावभर पसरवू नका आणि लगेच स्थळंही बघू नका. त्याला जे ठाऊक आहे ते तो तुम्हाला सांगतोय. तुम्ही त्याचे न्यायाधीश नाही. आणि तुम्हाला रडू आलं तर रडा. धक्का बसणं हा गुन्हा नाही. धक्क्याच्या भरात पोराला दाराबाहेर काढणं किंवा कुणा दुसऱ्याच्या मुलीला दारात आणणं, हे मात्र होऊ देऊ नका.

स्वतःला किंवा घरात कुणाला फारच अस्वस्थ वाटत असेल, जीव नकोसा झाला असेल, तर सरकारची 'टेलीमानस' ही मोफत हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली या विषयावर काम करण्यासाठी समपथिक ट्रस्ट ही संस्था सुरू केली. त्यांनी मराठीत भरपूर लिहिलंय, तेही जरूर वाचा.

कमेंटबद्दल. विरोधात मत असेल तर खुशाल मांडा, मी उत्तर देईन. पण तालुक्यातल्या कुणा माणसाचं नाव घेऊन किंवा 'अमक्याचा पोरगा' अशी खूण करून कमेंट आली तर ती उडवणार आणि टाकणाऱ्यालाही ब्लॉक करणार, मग तो किती का जवळचा असेना. मला इनबॉक्सला लिहिलेलं माझ्याजवळच राहील.

शेअर करायची असेल तर पूर्ण करा. मधलाच परिच्छेद कापून ग्रुपवर फिरवू नका.